टपावरचं ऊन

माणूस एकांत शोधत पवना धरणाच्या काठी येतो, गाडी उभी करतो, गाडीला जोडलेलं छत उघडतो, खाली खुर्ची टाकून पाण्याकडे बघत बसतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मला फोन करतो. ‘लाईट गेली,’ म्हणतो. आवाज असा काढतो, की घरात कुणी आजारी असावं.

कान्हे फाट्याला माझं बॅटरीचं दुकान आहे. पाटीवर पूर्ण नाव आहे, पण ते कुणी वाचत नाही. लोणावळ्यापासून वडगावपर्यंत मी ‘बॅटरीवाले रफीकभाई’ आणि पवन मावळातल्या वाड्यांवर नुसता ‘भाऊ’. आयुष्याचा मोठा भाग ट्रॅक्टर, टेम्पो आणि बँडवाल्यांच्या बॅटऱ्या भरण्यात गेला. ॲसिडनं माझी एकही पँट धड ठेवली नाही. माझी बायको जुबेदा म्हणायची, ईदला नवे कपडे शिवू नका, भोकं पडलेलेच विकत आणा, तेवढीच मेहनत वाचेल. मग लोकांनी मिनीबसच्या आत पलंग, मोरी आणि ओटा बसवायला सुरुवात केली. या चाकांवरच्या घरांना, म्हणजे मोटरहोमना, आडरानात वीज कुठून आणायची हा प्रश्न घेऊन ते माझ्या दारात आले. मी टपावर सोलर पॅनल बसवायला शिकलो. शिकलो म्हणजे दोन-चार फ्यूज उडवले, एकदा हात भाजून घेतला, आणि मग जमलं.

या धंद्याबद्दल लिहा असं दिवाळी अंकवाल्यांनी सांगितलं तेव्हा मी त्यांना विचारलं, की लोकांना सणासुदीला व्होल्टेज वाचायचंय का? ते म्हणाले, माणसांबद्दल लिहा. ते ठीक आहे, कारण बॅटरी सहसा फसवत नाही.

बाहेरच्या माणसाला हे काम समजवायचं तर पाण्यावरून सांगावं लागतं. टपावरचं पॅनल म्हणजे नळ. खालची बॅटरी म्हणजे टाकी. मधे एक छोटा डबा असतो, चार्ज कंट्रोलर. तो टाकीतल्या बॉलकॉकचं काम करतो, टाकी भरली की नळ बंद. टाकीतली वीज घरातल्या मिक्सरला आणि पंख्याला चालेल अशी करून देतो तो इन्व्हर्टर. एवढंच आहे. अवघड असतात ती माणसं, कारण त्यांना वाटतं नळ आहे म्हणजे पाणी आहे. एका जोडप्यानं मला तुंग किल्ल्याच्या पायथ्याशी बोलावलं होतं. नवीकोरी गाडी, महागाचं पॅनल, आणि बॅटरी रोज सकाळी मेलेली. जाऊन बघतो तर गाडी आंब्याच्या गर्द सावलीत. आत गारवा राहावा म्हणून त्यांनी झाड शोधून शोधून गाडी लावली होती. मी म्हटलं, गारवा हवा की लाईट, एक काहीतरी ठरवा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तिथंच भांडण सुरू झालं. ते मिटेपर्यंत मी बांधावर बसून राहिलो.

दुसऱ्यावर हसतो तसं स्वतःवरही हसायला पाहिजे. लोणावळ्याच्या वर एका पठारावर एक गृहस्थ गाडी घेऊन राहिले होते. त्यांचं चार्जिंग दुपारी अचानक पडायचं आणि परत यायचं. मी कंट्रोलर खोलला, वायरी उपसल्या, जोडण्या घासूनपुसून परत लावल्या, कंपनीला शिव्या घातल्या. संध्याकाळी दमून गाडीपासून जरा लांब जाऊन बसलो तेव्हा टपाकडे लक्ष गेलं. माकडांचं आख्खं कुटुंब पॅनलवर पाठ शेकत पसरलं होतं. पॅनलचा एखादा कोपरा झाकला तरी सगळ्या पॅनलची वीज पडते, हे मीच लोकांना सांगत हिंडतो. पण वर बघायचं मला दिवसभर सुचलं नाही. त्या गृहस्थांनी मला चिक्कीचा पुडा दिला. तोही माकडांनी नेला.

एक गोष्ट मात्र मी कितीही सांगितली तरी कुणाला पटत नाही. पॅनलला ऊनच लागतं असं नाही, उजेड लागतो. आमच्या मावळात आषाढात सूर्य दिवसेंदिवस दिसत नाही. समोरचा डोंगर दिसत नाही, कधीकधी समोरची म्हैसही दिसत नाही. तरी दुपारी मीटरचा आकडा हलतो. नळाला धार नसते, ठिबकत असतं, पण टाकीत पडत राहतं. हात राखून वापरलं तर घर चालतं. हे सांगितलं की लोक मान हलवतात, आणि मनात म्हणतात, विकायला बसलाय, असंच सांगणार.

जुबेदा गेल्यापासून मी दुकानाच्या वरच्या खोलीत एकटाच असतो. मुलगी लग्न होऊन देहूरोडला आहे, ती फोन करते. पण मोटरहोमचं काम आलं की मी दुकान बंद करून स्कूटरवर हत्यारांची पेटी बांधून निघतो, आणि खरं सांगायचं तर त्यात धंद्यापेक्षा घराबाहेर पडण्याची घाई जास्त असते. हे काम मुळात माणसं नसतील अशा जागीच असतं. रस्ता संपतो, मग पायवाट, मग एक पांढरी गाडी आणि तिच्यात एकट्या माणसाचा चहा. तो मला बसवून घेतो. एकांतासाठी आलेला माणूस वायरमनशी किती बोलतो ते ऐकायला पाहिजे. घटस्फोट, बायपास, भावाशी वाद, सगळं. मग लाईट लागते, मी पेटी बांधतो, आणि पुढच्या आठवड्यात ती गाडी गोव्यात असते. मोटरहोमवाल्याला पत्ता नसतो. इतक्या लोकांचं इतकं ऐकून घेतलं, त्यातला एकही मला परत भेटलेला नाही.

निर्मलाताई तेवढ्या हलल्या नाहीत.

त्या देहूरोडच्या. आयुष्यभर नर्सची नोकरी केलेल्या, बारीक चणीच्या, बोलणं मोजकं. त्यांचे यजमान तिथल्याच डेपोत कारकून होते. निवृत्तीनंतर त्यांनी शाळेची जुनी मिनीबस घेतली, आतून घर करून घेतलं, पॅनल माझ्याकडून बसवून घेतलं. कच्छला जायचं, नर्मदेकाठी जायचं, असं त्यांचं चाललेलं असायचं. पहिल्या प्रवासाआधीच ते गेले. ताईंना गाडी चालवता येत नव्हती. मुलगा मंदार बंगळूरला. तो म्हणाला, बस विकून टाक आणि इकडे ये. त्याऐवजी ताईंनी एक ड्रायव्हर बोलावला आणि ती बस पवनेच्या वरच्या अंगाला, यजमानांनी फार पूर्वी घेऊन ठेवलेल्या जमिनीच्या तुकड्यावर नेऊन उभी केली. तिथं विजेचा खांब नाही. चाकांना दगड लावले आणि त्या आत राहायला लागल्या.

मी त्यांना एकदा विचारलं होतं, की देहूरोडचा फ्लॅट काय वाईट आहे. त्या म्हणाल्या, “तिथं एकटी असले की भिंतीपलीकडचा टीव्ही ऐकू येतो, जिन्यातली माणसं ऐकू येतात, आणि वाटत राहतं की आता आपली बेल वाजेल. इथं तसलं काही वाटत नाही.”

त्यांच्या बोलण्यातला एकेक शब्द मला कळला. दुकानावरची माझी खोली आठवत मी चहा संपवला.

ताईंना दम्याचा जुना त्रास. साधा खोकला असेल तर तोंडात मारायचा पंप पुरायचा, पण जोराचा झटका आला की औषधाची वाफ देणारं मशीन लागायचं, आणि त्या मशीनला वीज लागायची. फोनलाही लागायचीच. मंदार घाबरलेला होता, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. त्यानं आईला एक अट घातली. बसमध्ये राहा, पण एकदा जरी वीज नाही म्हणून तुझं मशीन बंद पडलं, तर मी येऊन तुला घेऊन जाईन आणि तू वाद घालायचा नाहीस. ताईंनी कबूल केलं. मग त्यांनी मला बोलावून विचारलं, की पावसाळा निघेल का?

मी टपावर चढून बघितलं. पॅनलचा कल थोडा बदलला, दुसरी एक बॅटरी वाढवली, फ्रिज बदलून लहान घ्यायला लावला, आणि त्यांना सांगितलं, “निघेल. मशीन आणि फोन यांच्यासाठी मी बॅटरीत कायम शिल्लक ठेवून देतो. तेवढं माझ्यावर सोडा.”

असं बोलण्याची माझी सवय नाही. आमच्या धंद्यात खात्रीनं बोलू नये हे मला ठाऊक आहे. पण दर रविवारी त्या बसपाशी जायला मला कारण हवं होतं, आणि ते मला मिळालं होतं. मी जायचो, बॅटरीची टोकं पुसायचो, डिस्टिल्ड वॉटर बघायचो. ताई पोहे करायच्या. फार बोलणं व्हायचं नाही. त्या मीटरचा आकडा वाचून दाखवायच्या आणि मी ‘छान’ म्हणायचो. जुबेदा गेल्यापासून कुणीतरी ताट वाढून माझी वाट बघतंय असं तेवढ्या एका दिवशी व्हायचं.

त्यांच्या जागेच्या खालच्या अंगाला सीताबाईचं घर. ताईंची जमीन मूळची सीताबाईच्याच घरची. सीताबाई पन्नाशीच्या आतबाहेरची, भातशेती आणि दोन म्हशी, आवाज एवढा की बांधावरून बोलली तरी धरणात ऐकू जावं. तिनं ताईंना पहिल्या दिवसापासून पदरात घेतलं. रोज दूध, भाकरी, हिरवी मिरची, आणि रोज एक तक्रार, की बाई तुमी लय वाळलाय. बस तिला कधी गाडी वाटलीच नाही. ती तिला ‘बाईंचं घर’ म्हणायची.

आमच्याकडे जेठ लागला की प्रत्येक घराला कपडे चढतात. मावळातला पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त. तेव्हा घराच्या पावसाकडच्या भिंती, गोठा, सरपण, सगळं झाकून घ्यावं लागतं. पूर्वी पेंढ्याचं झडप बांधायचे, आता जाड प्लॅस्टिक असतं. शेततळ्यात अंथरतात तसलं, काळं. त्याला सगळे कागदच म्हणतात. कागद टाकला का, असं पावसाआधी जो तो दुसऱ्याला विचारतो. ज्याच्या घरी करायला माणूस नसेल त्याच्या घरावर शेजारी कागद टाकतात. ते उपकार धरत नाहीत, न विचारता करतात. आजारी म्हाताऱ्याचं घर उघडं राहिलं तर नाव शेजाऱ्याचं जातं. सीताबाईनं ताईंना विचारलं होतं. ताई म्हणाल्या होत्या, बसचं छत लोखंडी आहे, गरज नाही.

आषाढात ताईंची नणंद आजारी पडली म्हणून त्या घोरावाडीला काही दिवस राहायला गेल्या, म्हणून त्या रविवारी मीही वर गेलो नाही. त्याच दिवसांत झड लागली. सीताबाई बसमध्ये डोकावायला गेली तर खिडकीच्या रबरातून पाणी आत झिरपत होतं, गादीचा कोपरा ओला झाला होता. तिनं घरच्यांना हाक मारली. स्वतःच्या गोठ्यासाठी आणलेला नवा कागद काढला, चौघांनी मिळून बसवर टाकला, टपापासून चाकांपर्यंत, आणि दोऱ्यांनी आवळून खाली दगड बांधले. पॅनल काय असतं हे तिला ठाऊक नव्हतं असं समजू नका. वाडीत सोलरचा दिवा आहे. तिचा हिशेब सरळ होता, की पावसाळ्यात ऊन नाही, म्हणजे वरच्या काचा तशाही बिनकामाच्या, मग त्या भिजू कशाला द्यायच्या? हे लोणावळ्याला गाडी लावणाऱ्या इंजिनिअरांनीही मला ऐकवलंय.

आत फ्रिज चालू होता. इन्व्हर्टर चालू होता, आणि तो काही न जोडताही थोडं थोडं खात राहतो. वरून ठिबकणारा नळ बंद झाला, खालून टाकी उपसली जात राहिली, मशीनसाठी राखलेली शिल्लकही.

ताई परत आल्या तेव्हा मुसळधार पाऊस चालू होता. काळ्या कागदात गुंडाळलेली बस त्यांनी पाहिली. मीटरवर लाल दिवा होता, तोही पाहिला. त्या नर्स होत्या, यंत्रांची त्यांना सवय होती, आणि मी त्यांना सगळं समजावून सांगितलेलं होतं. काय झालंय हे त्यांना दारातच कळलं. एका हाकेचं काम होतं. सीते, वरचा कागद काढ. पण तेव्हा सीताबाई चिंब भिजून समोर उभी होती, दोऱ्यांनी हात सोललेले, आणि सांगत होती की गादी वाळवलीय, आता एक थेंब आत यायचा न्हाई, निवांत झोपा. ताई मला नंतर म्हणाल्या, “एवढ्या मायेनं बांधलेलं, लगेच सोड कसं म्हणू? म्हटलं, उद्या सावकाश सांगीन.”

पहाटे झटका आला. पंप मारून झाला, उपयोग नाही. मशीन लावलं तर इन्व्हर्टरनं शिट्टी मारली आणि बंद पडला. फोनही उतरलेला. त्या कशाबशा दारापर्यंत आल्या आणि ताट जमिनीवर आपटत राहिल्या. म्हशीच्या धारेला उठलेल्या सीताबाईनं ते ऐकलं. तिच्या घरच्यांनी ताईंना खुर्चीत बसवून, खुर्ची खांद्यावर घेऊन, चिखलातून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं, दुधाच्या गाडीत घातलं आणि दवाखान्यात पोचवलं. सगळा वेळ सीताबाई त्यांच्या डोक्यावर इरलं धरून होती. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर अवघड होतं.

मला निरोप दुपारी मिळाला. आधी दवाखान्यात गेलो, काचेतून ताईंना बघितलं, मग बसकडे गेलो. लांबूनच काळा ढीग दिसला आणि मी स्कूटर थांबवली. आत काय झालं असेल हे तपासायला मला मीटरची गरज नव्हती. सीताबाई पुढे आली. रडून डोळे सुजले होते तिचे, पण बस दाखवताना तिला राहवलं नाही.

“बगा भाऊ, येवडा पाऊस झाला पन आत येक थेंब न्हाई,” ती म्हणाली. “बाईंचं घर म्या भिजू दिलं न्हाई.”

मी म्हणालो, वायरी तपासायच्यात, कागद जरा काढायला पाहिजे. तिनं घरच्यांना बोलावून लगेच काढून दिला, घडी करून बाजूला ठेवला. मी आत जाऊन मीटरसमोर बसलो. बाहेर उजेड म्हणण्यासारखा उजेड नव्हता, पाऊस चालूच होता. पण आकडा हलला. थोडाच, पण हलला. ठिबकायला लागलं होतं. माझी जोडणी चोख होती. आयुष्यात आपलं काम बरोबर निघाल्याचं मला एवढं वाईट कधी वाटलं नाही.

ताईंना दवाखान्यातून सोडल्यावर मंदार त्यांना घेऊन बसपाशी आला. सामान घ्यायचं होतं. मलाही त्यानं बोलावून घेतलं होतं. मुलगा भला आहे. आवाज चढवला नाही, दोष दिला नाही. पाऊस जरा थांबला होता. सीताबाई दूध घेऊन आली होती आणि दारापाशी तांब्या धरून उभी होती. मंदारनं मला विचारलं, “रफीककाका, तुम्ही म्हणाला होतात पावसाळा निघेल. मग काय बिघडलं?”

उत्तर माझ्या जिभेवर होतं. बिघडलं काहीच नाही, पॅनल झाकलं गेलं होतं, आता कागद काढलाय, परत असं होणार नाही. एवढं बोललो असतो तर ताई तिथं राहिल्या असत्या. अट मोडली होती खरी, पण मंदारची भीती सिस्टिमबद्दल होती, आणि सिस्टिम चांगली होती. हे तिथं दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि ताईंना. मी तोंड उघडलं तेवढ्यात ताईंनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मग त्या मुलाला म्हणाल्या, “ऊन नव्हतं रे. इतके दिवस ऊनच नव्हतं. ते तरी काय करणार?”

मंदारनं माझ्याकडे बघितलं. “तसंच का काका?”

ढगातही पॅनल चालतं हे मी ज्याला त्याला सांगत आलोय. धंद्यातली तेवढी एक गोष्ट मला इतरांपेक्षा नीट कळते असं मी मानतो. मी म्हणालो, “हो. ऊन नव्हतं.”

“मग पुढच्या झडीतही असंच होईल?”

“सांगता येत नाही,” मी म्हणालो. हे निदान खरं होतं.

त्यानं मान हलवली आणि तो पिशव्या गाडीत नेऊन ठेवायला लागला. सीताबाई तांब्यातलं दूध आत गरम करायला गेली. ताई आणि मी बसच्या मागच्या बाजूला उभे होतो, बॅटऱ्यांच्या कप्प्यापाशी. मी म्हणालो, ताई, अजूनही सांगतो त्याला. तो समजूतदार आहे, सीताबाईला काही बोलणार नाही.

“तो नाही बोलणार,” ताई म्हणाल्या. “पण तिला कळेल. तिच्या घरानं मला खांद्यावरून नेलं रफीकभाई. तिच्यामुळेच मी मरत होते, हे तिला कळल्यावर ती मला रोज दूध कुठल्या तोंडानं आणून देणार? आणि मी ते कसं पिणार? तसं राहण्यापेक्षा मी जाते.”

मला बोलायचं होतं. मला म्हणायचं होतं की माझ्या रविवारचं काय. पण तो माझ्यासाठीचा प्रश्न होता, आणि तिथं तो विचारायचा नव्हता. मी बॅटऱ्यांची जोडणी सोडली, टोकांना वॅसलीन लावलं, कप्पा बंद केला. ताईंनी जाताना बसच्या दाराला हात लावला आणि सीताबाईला पोटाशी धरलं. सीताबाई रडत म्हणत होती, पावसाळा सरला की या, म्या घर सांभाळते. ताई हो म्हणाल्या. माझ्याकडे बघून त्यांनी हात जोडले. मी पण जोडले.

त्या आता बंगळूरला असतात. अधूनमधून फोन करतात. सीताचं विचारतात, म्हशींचं विचारतात, पाऊस किती झाला ते विचारतात. येते असं म्हणत नाहीत. डॉक्टरांनी हवा बदलू नका असं सांगितलंय, आणि मंदार सकाळ-संध्याकाळ घरात असतो. तिथं त्यांच्या इमारतीला स्वतःचा जनरेटर आहे, वीज कधी जात नाही. हे सांगताना त्या थोड्या हसल्या.

मी अजून काम करतो. परवाच एका पोरांच्या टोळक्याची गाडी धरणाकाठी उजळून दिली, त्यांनी मला वडापाव खाऊ घातला आणि माझ्याबरोबर फोटो काढले. पण रविवारी दुकान बंद केलं की काय करायचं ते मला सुचत नाही. मग मी स्कूटर काढतो आणि वर जातो, कारण जायला तेवढीच जागा आहे.

यंदा पावसाच्या आधी गेलो तेव्हा सीताबाई बसवर कागद टाकत होती. घरचे भाताच्या रोपाला गेले होते, एकटीच ओढत होती. मला बघून तिला बरं वाटलं. एका टोकाला मी धरलं, एका टोकाला तिनं, आणि आम्ही तो टपावर चढवला. पॅनलवर धूळ बसली होती. आधी ती तिनं पदरानं पुसली, मग त्यावर कागद नीट पसरला, चारी कडा सारख्या केल्या.

“बाई कवाबी येतील,” ती म्हणाली. “घर कोरडं पायजे. भाऊ, तुमाला यातलं कळतं. नीट झाकलंय का बगा.”

मी बसला एक फेरी मारली. ढग भरून आले होते तरी उजेड बराच होता. मागच्या बाजूची एक दोरी सैल राहिली होती. ती ओढून मी घट्ट बांधली, खाली दगड लावला, आणि म्हणालो, “नीट झाकलंय.”